पाडून दाखवणारे कोकरे

यंत्र दुरुस्त झालं की कोकरे ते पुन्हा बिघडवायचे. तेही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. गिऱ्हाईक नवं असलं तर त्याचा चेहरा उतरायचा, जुनं असलं तर ते घड्याळाकडे बघायचं. कोकऱ्यांना दोन्हीचं काही वाटत नसे. बिघाड आपल्याला खरंच सापडला, की यंत्र आपलं आपण सुरू झालं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असायचं. त्यासाठी काढलेला दोष परत आत घालायचा आणि यंत्र बंद पडतं का ते बघायचं. पडलं की ते खूश. मग दोष पुन्हा काढून यंत्र पुन्हा चालू करायचे आणि तेव्हाच जॉबशीटवर ‘दुरुस्त’ असं लिहून सही करायचे.

पूर्ण नाव काशिनाथ कोकरे. राहणार हर्सूल. घरात मेंढरं होती. वडील गेल्यावर ती थोरल्या भावानं सांभाळली आणि हे आयटीआय करून कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत शिरले. माझी ओळख झाली तेव्हा तिशीच्या आतबाहेर असतील. उंच, काटक, खिशात एक स्क्रूड्रायव्हर आणि धूळ झाडायला दाढीचा जुना ब्रश. खुर्ची दिली तर तिच्यावर पिशवी ठेवायचे आणि स्वतः उभे राहायचे. यंत्र चालू व्हायला वेळ लागला की खोलीत फेऱ्या सुरू. आमची खोली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अठरा पावलांची होती. त्यांना ती अकरा पावलांत संपायची.

मी तेव्हा जालना रोडवरच्या एका खासगी कंपनीत होतो. तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी मोजायची आणि तिचे तक्ते व नकाशे करून द्यायचे, हे कंपनीचं काम. वर्षं दुष्काळाची, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. एकीकडे शहर चिकलठाण्याच्या पुढं सरकत होतं, महिन्याला नव्या वसाहतीचा एखादा तरी फलक लागत होता. दुसरीकडे नळाला पाचव्या दिवशी पाणी येत होतं. माझ्या घरी दोन ड्रम आणि अकरा हंडे. माणशी दिवसाला किती तांबे येतात ते मी कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलं होतं. पहाटे कुणाच्या तरी पाण्याच्या मोटारीचा आवाज आला की अख्खी गल्ली नळ आला म्हणून उठायची. त्या वर्षांत कुणी स्वस्थ बसलेलं मला आठवत नाही. कोकरे आमच्यापेक्षा थोडे जास्त अस्वस्थ, एवढंच.

कंपनीत लॅपटॉप एकच होता. दिवसा तो माझ्याबरोबर जीपमधून विहिरींवर हिंडायचा आणि संध्याकाळी ऑफिसात येऊन डॉकिंग स्टेशनवर बसायचा. डॉकिंग स्टेशन म्हणजे पाटाएवढा चपटा डबा. लॅपटॉप वर ठेवून दाबला की खट्‌ आवाज होऊन तो मोठा पडदा, कीबोर्ड, सगळ्याला एकदम जोडला जायचा. डब्याच्या पोटात दोन जादा कार्डं बसवलेली होती. एक ऑफिसच्या नेटवर्कचं, दुसरं नकाशे काढणाऱ्या प्लॉटरचं. हे प्लॉटरचं कार्ड आल्यापासून दुखणं सुरू झालं. लॅपटॉप डॉकवर दाबला की कधी कधी पडदा निळा व्हायचा, त्यावर पांढरी अक्षरं यायची आणि सगळं ठप्प. दिवसभराची फाइल कधी वाचायची, कधी जायची. मी आकडे पेन्सिलीनं कागदावरही लिहीत असे म्हणून निभावलं, पण ते पुन्हा टाइप करण्यात दोन-दोन तास जायचे.

आमचे साहेब जहागीरदार. त्यांनी कोकऱ्यांना तीन महिने ठरवून दिले होते. तीन महिन्यांत ऑफिसातली सगळी यंत्रं ताळ्यावर आली तर वर्षाचं कंत्राट. त्या भरवशावर कोकऱ्यांनी मुकुंदवाडीला एक गाळा घेतला होता. स्वतःच्या नावाची पाटी असलेला पहिला गाळा. कंत्राट मिळालं तरच तो टिकणार, हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं होतं. तिसरा महिना संपत आला तेव्हा बाकी सगळं मार्गी लागलं होतं, राहिला होता तो हा डॉक.

पहिल्यांदा ते डॉक बघायला आले तेव्हा मी माझी वही पुढं केली. डॉकवर ठेवण्याची तारीख, वेळ, पडला की नाही. एकसष्ट वेळा ठेवला, सतरा वेळा पडला. कोकऱ्यांनी वही उभ्या-उभ्या वाचली आणि परत पहिलं पान काढलं.

“साहेब, हे कुणी लिवायला सांगितलं तुम्हाला?”

“कुणी नाही.”

“लोक मला सांगत्यात, ‘सारखं पडतंय’. सारखं म्हंजे किती ते कुणी सांगत नाय. तुम्ही घरातबी असंच लिवता का?”

मी दारामागच्या तांब्यांच्या कागदाबद्दल सांगितलं. ते मोठ्यानं हसले. “वहिनी कशा ऱ्हात्यात हो तुमच्याबरोबर?”

मग त्यांनी मला दोष समजावून सांगितला. “आत हरेक कार्डाला एक नंबर असतो. टँकरवर आपण नंबर लावतो ना, तसा. नेटवर्कचा एक, प्लॉटरचा एक, माउसचा एक. आता दोघं जर एकाच नंबरचा बिल्ला घेऊन उभे ऱ्हायले, तर टँकरवाला पाईप कुणाच्या हंड्यात घालणार? दोघांची जुंपती आन् टँकर जातो निघून. तुमचं निळं पडतंय ना, ते टँकर निघून जाणं हाय.”

“मग दोघांना वेगळे नंबर द्या.”

“द्यायचेत. पण कोण दोघं भांडत्यात ते तरी कळू द्या.”

हे त्यांचं पाडून दाखवणं मी त्याआधीच एकदा पाहिलं होतं. शहागंजला रशीदभाईंचा फोटो स्टुडिओ होता. माझे पासपोर्टचे फोटो आणायला गेलो तर आत कोकरे उभे. स्कॅनरचं कार्ड घातलं की रशीदभाईंचा कॉम्प्युटर बंद पडायचा. कोकऱ्यांनी कार्डाची जागा बदलली, यंत्र झकास सुरू झालं. बाहेर लग्नाच्या अल्बमसाठी माणसं थांबलेली. रशीदभाईंनी हात जोडले आणि तेवढ्यात कोकऱ्यांनी कार्ड काढून परत जुन्या जागेवर घातलं. यंत्र बंद.

“अरे भाई, अच्छा-खासा चल रहा था! काय कू बिगाड़े फिर?”

“गिरा ना रशीदभाई? मतलब बीमारी यहीच थी.”

“बीमारी गई तो जाने दो! तुम तो उसको घर तक छोड़ने जाते, फिर हाथ पकड़ के वापस लाते!”

बाहेरची माणसं हसली. कोकरे हसले नाहीत, कारण तोवर ते कार्ड पुन्हा काढत होते. रशीदभाईंनी त्यानंतर त्यांना कधी बोलावणार नाही म्हणून सांगितलं आणि पुढच्या महिन्यात बोलावलं.

त्यांच्या घरी मी एकदाच गेलो. गाळ्यात फोन नव्हता आणि जहागीरदारांना ते तातडीनं हवे होते. हर्सूलला तलावाच्या अलीकडं एका मोकळ्या जागेवर मेंढरं बसली होती. जागेत पांढऱ्या दगडांनी प्लॉट पाडलेले. मेंढरं ते दगड ओलांडून दोन-तीन प्लॉटांत पसरलेली. कोकरे भावाबरोबर पाणी आणायला गेले होते. त्यांच्या आईनं मला पोत्यावर बसवलं आणि अर्धा तांब्या पाणी दिलं. त्या दिवसांत अर्धा तांब्या म्हणजे पाहुणचारच.

“हापिसातबी बसत नाय का त्यो?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“नायच बसायचा. जेवताना बी एक गुडघा वर. मी म्हनते, बाबा, ताट काय पळून चाललंय का?” मग जरा पुढं सरकून म्हणाल्या, “मागं एक मेंढी फुगली व्हती. कसला तरी पाला खाल्ला. रातभर नळीनं औषिद पाजलं, सकाळच्याला उठून हुबी ऱ्हायली. तर ह्यो म्हनतो कसा, आई, त्योच पाला हिला पुन्यांदा घालून बघू, म्हंजी पाल्यानंच फुगली का दुसऱ्या कशानं ते कळंल!”

“मग?”

“मग काय! काठी घेतली हातात. म्हनलं तुलाच घालते पाला.”

कोकरे आले तेव्हा मी हा किस्सा काढला. ते जरा ओशाळले. “तवा लहान होतो,” म्हणाले. मागून आई म्हणाली, “लहान कुठला? मिशी व्हती!”

डॉकचं काम त्यांनी सोमवारी हातात घेतलं. शनिवारी आमचा तालुक्याचा नकाशा द्यायचा होता. त्यावरून कुठल्या वस्त्यांना टँकर लागणार ते ठरणार होतं. म्हणून जहागीरदारांना घाई होती, आणि तेही चूक नव्हतं. कोकऱ्यांचा पहिला संशय नेटवर्कच्या कार्डावर. त्यांनी दोन्ही कार्डांच्या जागा आपसात बदलल्या. मग लॅपटॉप बंद करायचा, डॉकवर ठेवायचा, चालू करायचा. पुन्हा बंद, पुन्हा चालू. सोमवार-मंगळवार मिळून चाळीस वेळा. एकदाही पडला नाही. मग त्यांनी कार्डं पहिल्यासारखी लावली. म्हणजे आता पडायला हवा होता. तरी पडला नाही.

बुधवारी सकाळी जहागीरदार आले. “काय कोकरे, झालं ना? चाळीसदा चालला म्हणे. लिहून टाक.”

“साहेब, माझ्यासमोर पडलाच नाय तो. कार्डं होती तशी लावली तरी पडंना. म्हंजे मी काहीच दुरुस्त केलेलं नाय.”

“अरे, चालतोय ना?”

“चालतोय. पण का चालतोय ते ठाव नाय मला.”

“मला तरी कुठं ठाऊक आहे गाडी का चालते? मी बसतो आणि जातो.” जहागीरदारांनी आमच्याकडे बघितलं, आम्ही हसलो. “शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कागदावर ‘दुरुस्त’ आलं पाहिजे. नाहीतर पुण्याचा माणूस तयारच आहे. मग वर्षाचं कामही त्यालाच.”

कोकरे खोलीत तीन फेऱ्या मारून माझ्या टेबलापाशी आले. “साहेब, ह्या वहीत जेवढ्या वेळा पडला, त्या दिवशी तुम्ही विहिरींवर गेला होता का?”

मी पानं चाळली. सतरापैकी सतरा वेळा. गेले तीन महिने ती वही मीच लिहीत होतो आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“उद्या कुठं जाणार?”

“करमाडकडं. चौदा विहिरी.”

जीपमध्ये त्यांना जागा द्यायला जहागीरदारांनी नकार दिला. गुरुवारी आम्ही करमाडच्या पहिल्या विहिरीवर पोचलो आणि पाऊण तासानं मागून कोकरे त्यांच्या लुनावर आले, भुवयांपर्यंत धुळीनं पांढरे. मी विहिरीत टेप सोडत होतो. तळाशी हिरवट डबकं. आकडा वाचला, कागदावर लिहिला, लॅपटॉपमध्ये घातला, झाकण लावलं आणि जीपकडे निघालो.

“साहेब! थांबा, थांबा!” कोकरे जवळजवळ पळतच आले. “बंद नाय केला?”

“झाकण लावलं की झोपतो तो. बंद केला तर पुन्हा चालू व्हायला चार मिनिटं लागतात. चौदा विहिरींची छप्पन्न मिनिटं.”

“आन् हापिसात?”

“तसाच झोपलेला डॉकवर ठेवतो. विहिरी नसतील त्या दिवशी डॉकवरच चालू करतो.”

कोकऱ्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. “आम्ही चाळीस वेळा त्याला बंद करून बसवला. तुम्ही झोपलेला उचलून बसवता! तुमच्या वहीत ह्याचा रकानाच नाय!”

नव्हताच. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, विहिरीच्या काठावर वही ठेवली आणि स्वतःच उभी रेघ मारून नवा रकाना आखला.

त्या संध्याकाळी मी लॅपटॉप नेहमीसारखा झोपलेला डॉकवर दाबला. पडदा निळा झाला. चौदा विहिरींची फाइल गेली. मी कागदावरचे आकडे शोधायला लागलो आणि कोकऱ्यांनी टाळी वाजवली. आयुष्यात आपलं नुकसान बघून कुणी टाळी वाजवल्याचं मला एवढंच आठवतं, आणि रागही आला नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत त्यांनी भांडखोर शोधून काढला. लॅपटॉपच्या कडेला एक लहानसं काळं भिंग होतं. तारेशिवाय दुसऱ्या यंत्राशी बोलण्यासाठी दिलेलं. आमच्या ऑफिसात ते कुणी एकदाही वापरलं नव्हतं. पण लॅपटॉप एकटा, डॉकशिवाय चालू केला की हे भिंग एक नंबर धरून बसायचं, आणि नेमका तोच नंबर प्लॉटरच्या कार्डाला लागायचा. लॅपटॉप डॉकवर ठेवून चालू केला तर सगळे समोर असल्यामुळे वाटप नीट व्हायचं. झोपलेला आणून बसवला की जुंपायची.

“टँकरपाशी रिकामा हंडा ठेवून जात्यात ना बाया, नंबर धरायला? तसा हाय ह्यो,” कोकरे म्हणाले. “माणूस येणारच नाय, पण हंडा हाय जाग्यावर.”

त्यांनी आतल्या सेटिंगमध्ये जाऊन ते भिंग बंद करून टाकलं. मी लॅपटॉप झोपवला, डॉकवर दाबला. पडदा उजळला. तेवढ्यात जहागीरदार आत आले. आम्ही सगळ्यांनी एकदम सांगितलं. ते खरोखर खूश झाले. खिशातलं पेन काढून त्यांनी स्वतः कोकऱ्यांपुढं धरलं.

“घे. लिही आता. सोमवारी कंत्राटाचा कागद करू.”

कोकऱ्यांनी पेन घेतलं नाही. “साहेब, एकदा पडला आन् एकदा उभा ऱ्हायला. एवढ्यावरनं नाय म्हणता येत. भिंग परत चालू करून बघावं लागंल. चार-पाच वेळा पडायला पायजे. मग बंद करून चार-पाच वेळा.”

“आत्ता? आत्ता पाडणार तू? उद्या नकाशा द्यायचाय! नकाशाची फाइल ह्यातच आहे!”

“नकाशा होऊ द्या. मी रविवारी करतो. सोमवारी सकाळी लिवतो.”

“मला आज कागद वरती पाठवायचाय.” जहागीरदारांचा आवाज चढला. “यंत्र चालतंय. कारण सापडलंय. तू स्वतः शोधलंयस. आणि तरी एक शब्द लिहीत नाहीस? का? माझी मजा बघायला?”

“नाय साहेब.”

“मग?”

कोकरे भिंतीपर्यंत जाऊन परत आले. मी हळूच म्हणालो, “लिहा ना कोकरे. रविवारी काय बघायचं ते बघू.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली टेबलाकडे बघायला लागलो.

“मग तो शब्द रविवारी लिवतो,” ते म्हणाले.

जहागीरदारांनी पेन खिशात लावलं. शनिवारी पुण्याचा माणूस आला. त्यानं लॅपटॉप दोनदा चालू-बंद केला, छापील कागदावर ‘तपासले, ठीक’ असं लिहिलं, चहा घेतला आणि वर्षाच्या कंत्राटाचा मसुदा घेऊन गेला. पाऊण तासाचं काम. नकाशा वेळेत गेला.

शनिवारी संध्याकाळी कोकरे माझ्या घरी आले. दारातच उभे. “उद्या हापिसाची किल्ली तुमच्याकडं असती ना?”

“कोकरे, कंत्राट गेलं. आता कशाला?”

“मी रविवारी करतो म्हणालो होतो.”

रविवारी नऊ वाजता आम्ही ऑफिस उघडलं. कूलरला पाणी नव्हतं, खिडकीतून रस्ता खोदणाऱ्या यंत्राची धूळ येत होती. त्यांनी भिंग चालू केलं. पाच वेळा लॅपटॉप झोपवून डॉकवर दाबला. पाच वेळा पडला. भिंग बंद केलं. पाच वेळा दाबला. पाचही वेळा उभा. मी नव्या रकान्यात लिहीत गेलो. मला वाटलं, संपलं. पण ते म्हणाले, “टेबलावरचं झालं. खड्ड्यांचं ऱ्हायलं.” मग माझ्या स्कूटरवरून आम्ही करमाडला गेलो. मागं कोकरे, त्यांच्या मांडीवर शबनम पिशवीत झोपलेला लॅपटॉप. पहिल्या विहिरीवर दोन मिनिटं थांबलो, झाकण उघडून लावलं आणि परत फिरलो. जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटर. परत येताना माझी मान भाजून निघाली. डॉकवर दाबला. पडदा उजळला.

त्यानंतर मी त्या कंपनीत दोन वर्षं होतो. वहीप्रमाणे तो लॅपटॉप आणखी तीनशे अठ्ठ्याऐंशी वेळा डॉकवर बसला. एकदाही पडला नाही.

कोकऱ्यांनी त्यांची जुनी जॉबशीट मागितली. ती माझ्या खणात होती, शेवटची ओळ कोरी. मी म्हणालो, “आता ही कुणाला दाखवणार? फाइलला पुण्याचा कागद लागलाय.”

“कुणाला नाय. अर्धवट कागद ऱ्हायला नको.”

त्यांनी ‘दुरुस्त’ लिहिलं. खाली दोष काय होता ते दोन ओळींत, मग पाच-पाचचे आकडे, मग करमाड, मग सही. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि कागद माझ्याकडे दिला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून एकदम पिशवी उचलली.

“निघतो साहेब. चारला गाळेवाला येणार हाय. किल्ली द्यायची त्याला.”

“कोकरे, निदान—”

“आज महिना संपतोय. उशीर झाला तर बोलंल त्यो.”

ते जिन्यावरून उतरले तेव्हा मी गॅलरीत आलो. रस्ता रुंद करायला अर्धा खोदून ठेवला होता. उरलेल्या अर्ध्यात ट्रक, रिक्षा आणि एक पाण्याचा टँकर अडकून उभे होते. कोकऱ्यांनी लुना चालू केली, दहा हात गेले, अडकले. पाय टेकून इकडंतिकडं बघितलं, मग उतरले. लुना हातानं धरून मातीच्या ढिगाऱ्यावर चढवली आणि खणलेल्या बाजूनं, खडीतून, जवळजवळ पळत ढकलत निघाले. मागं वळून बघायला त्यांना सवड नव्हती.

चारला आठ मिनिटं कमी होती.